लॅटिन ‘फाल्सुस’ आणि आपले ‘खोटे’

एका भाषेने दुसऱ्या भाषेकडून शब्द उसना का घ्यावा, या प्रश्नाचे सोपे उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक असते. वस्तू नवी आली की तिचे नावही तिच्याबरोबर येते. पोर्तुगीजांनी पाव आणला, बटाटा आणला, शब्दही आले. इंग्रजांनी रेल्वे आणली; स्टेशन, तिकीट आणि सिग्नल हे शब्द आपण घेतले. इथवर सारे सरळ आहे. पण असत्य ही काही नवी वस्तू नव्हे. कोणत्याही समाजाला खोटे बोलायला परक्यांनी शिकवावे लागत नाही. माणूस बोलायला लागला त्यानंतर थोड्याच दिवसांत तो खोटेही बोलू लागला असणार, आणि त्या कृत्याला प्रत्येक भाषेत घरचा शब्द असतोच. असे असताना ‘खोटे’ या अर्थाचा एक लॅटिन शब्द युरोपातील जवळजवळ प्रत्येक भाषेत जाऊन कसा बसला? ज्यांच्याकडे स्वतःचा शब्द होता त्यांनी तो दारात का घेतला?

प्रश्न युरोपाचा दिसतो, पण त्याच्या उत्तराचा आपल्याशी, विशेषतः ग्वाल्हेरच्या मराठी माणसाशी, फार जवळचा संबंध आहे. म्हणून या लेखात आधी रोमची वाट धरू, आणि तिथून लष्करच्या सराफ्यापर्यंत येऊ.

लॅटिनमध्ये ‘फाल्लेरे’ असा एक धातू आहे. त्याचा अर्थ फसवणे, चकवणे. त्याचे भूतकाळवाचक धातुसाधित ‘फाल्सुस’, म्हणजे फसलेला, आणि मग फसवा. या शब्दाला वजन आले ते कायद्यामुळे. इसवी सनापूर्वी ८१ मध्ये सुल्ला या रोमन हुकूमशहाने एक कायदा केला. त्याचा रोख दोन गुन्ह्यांवर होता : खोटी मृत्युपत्रे तयार करणे आणि नाण्यांत खोट करणे. पुढे या कायद्याच्या कक्षेत इतर खोटे दस्तऐवज आणि खोट्या साक्षीही येत गेल्या, आणि ‘फाल्सुम’ हे रोमन कायद्यातील एका गुन्ह्याचे नावच झाले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात एखादा माणूस दुसऱ्याला थाप मारतो, तो हा गुन्हा नव्हे. तिसऱ्या कोणाच्या तरी विश्वासावर चालणारी वस्तू, म्हणजे मृत्युपत्र, शिक्का किंवा नाणे, बिघडवणे हा तो गुन्हा.

रोमचे साम्राज्य गेले, पण कायदा, चर्च आणि नाणे या तिन्हींची भाषा दीर्घकाळ लॅटिनच राहिली. लॅटिनपासूनच जन्मलेल्या भाषांत हा शब्द वारसाहक्काने आला : इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘फाल्सो’, कॅटलान ‘फाल्स’, फ्रेंच ‘फो’. त्यात नवल नाही. नवल आहे ते लॅटिनच्या लेकी नसलेल्या भाषांचे. इंग्लंडमध्ये हा शब्द नॉर्मन फ्रेंचांच्या आधीच पोहोचला होता. इंग्लंडवर राज्य करणारा डेन राजा क्नूट (१०१६ ते १०३५) याच्या कायद्यांत ‘फाल्स’ शब्द येतो, आणि तो कुठे येतो पाहा : नाण्यांच्या कलमात. खोटे नाणे पाडणाऱ्याने ज्या हाताने ते पाडले तो हात गमवावा, अशी तिथली शिक्षा आहे. जर्मनमध्ये बाराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून ‘फाल्श’ आला. उत्तर जर्मन व्यापाऱ्यांच्या बोलीतून तो ‘फाल्स्क’ होऊन डॅनिश आणि स्वीडिश भाषांत गेला. जर्मनमधूनच तो पूर्वेला सरकला : पोलिश ‘फाऊश’, चेक ‘फालेश’, पुढे रशियन ‘फाल्श’. डचमध्ये ‘फाल्स’, वेल्शमध्ये ‘फाल्स’. आयर्लंडला पोहोचेपर्यंत त्याच्या अंगाला इतके धक्के लागले, की आयरिश भाषेत ‘फाल्सा’ म्हणजे आळशी असाही अर्थ झाला.

प्रत्येक मुक्कामी अर्थाने थोडे वेगळे कपडे घातले. आजच्या जर्मनमध्ये शाळेच्या वहीतील गणित चुकले तरी गुरुजी ‘फाल्श’ म्हणतात; त्यात फसवणुकीचा वासही उरलेला नाही. पोलिशमध्ये या शब्दापासून झालेल्या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : नोट किंवा सही बनावट करणे, आणि बेसूर गाणे. रशियनमध्येही बेसूर गाण्याला याच कुळातले क्रियापद आहे. इटालियनांनी गळ्याच्या स्वाभाविक पट्टीच्या वर चोरून लावलेल्या आवाजाला ‘फाल्सेत्तो’, म्हणजे छोटासा खोटा, असे नाव दिले. खुल्या, जोरकस आवाजासाठी नावाजलेल्या गायकीचे घर असलेल्या या शहरात त्या नावामागची भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या सगळ्यात एक गोष्ट घडलेली नाही, आणि तीच सर्वांत बोलकी आहे. लॅटिनमध्ये ‘खोटे बोलणे’ या साध्या, रोजच्या कृत्याला ‘फाल्सुस’ हा मुख्य शब्द नव्हताच. त्यासाठी ‘मेंतीरी’ हे क्रियापद होते आणि ‘मेंदाकियुम’ हे नाम. ‘मेंतीरी’ लॅटिनच्या लेकींकडे सुखरूप आहे; फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन माणूस आजही त्याच शब्दाने खोटे बोलतो. पण तो शब्द ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनांच्या घरात गेला नाही. जर्मन मूल आजही ‘ल्यूगन’ या स्वतःच्या शब्दाने खोटे बोलते, इंग्रज मूल ‘लाय’ने, स्वीडिश मूल ‘ल्यूगा’ने. हे तिन्ही एकाच जर्मानिक कुळातले, घरचे शब्द. म्हणजे लॅटिनचा ‘खोटे बोलणे’ हा शब्द जागच्या जागी राहिला, आणि ‘खोटे असणे’ हा शब्द खंडभर फिरला.

यातून एक नियम निघतो असे मला वाटते. तो असा : असत्याचा परका शब्द असत्याबरोबर येत नाही; असत्य तपासणाऱ्या यंत्रणेबरोबर येतो. टाकसाळ, न्यायालय, दस्तऐवज, शपथ या गोष्टी जिथे जिथे गेल्या तिथे ‘फाल्सुस’ गेला, कारण तो त्या यंत्रणेच्या कपाटातला शब्द होता. आईने मुलाला दटावताना वापरायचा शब्द मात्र कोणी कोणाकडून मागून आणला नाही.

नियम खरा की खोटा हे दुसऱ्या भूमीवर घासून पाहावे लागते. आपली भूमी घेऊ.

संस्कृतात रोमन ‘फाल्सुम’च्या अगदी जवळचा शब्द आहे ‘कूट’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कण्टकशोधन या अधिकरणात ‘कूटरूपकारक’ येतो. तो खोटी नाणी पाडणारा. त्याच ग्रंथात नाण्यांची परीक्षा करणारा अधिकारी आहे, त्याचे नाव ‘रूपदर्शक’. संस्कृतात खोट्या तराजूला कूटतुला म्हणतात, खोट्या साक्षीदाराला कूटसाक्षी. नाणे, तराजू, साक्ष : रोमच्या यादीशी ही यादी किती जुळते पाहा. मराठीत या कूटाचे फारसे उरले नाही. कूटप्रश्न राहिला, कूटनीती राहिली. शेंगदाण्याचे कूट हा कुटण्यातला निराळा शब्द. पण मध्य प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला हा शब्द दर आठवड्याला भेटतो. इथल्या हिंदी वर्तमानपत्रात ‘कूटरचित दस्तावेज’ असे छापून येते ते बनावट कागदपत्रांसाठी. महाराष्ट्रातील वाचकाला तो शब्द अडखळवील, आपल्याला नाही. कौटिल्याचा शब्द आज कुठे जिवंत आहे? कायद्याच्या कलमात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात. यंत्रणेचा शब्द यंत्रणेतच टिकला.

आता आपला रोजचा शब्द : खोटे. याचे गणगोत शोधायला बसलो तर ते सिंधपासून नेपाळपर्यंत पसरलेले दिसते. सिंधीत ‘खोटो’, पंजाबी आणि हिंदीत ‘खोटा’, गुजरातीत ‘खोटुं’, नेपाळीत ‘खोट’, काश्मिरीतही हीणकस धातूसाठी याच कुळातला शब्द. कन्नडमध्ये बनावट नोटेला ‘खोटा नोटु’ म्हणतात. तिथे तो पाहुणा म्हणून गेला आहे. भाषाशास्त्रज्ञ टर्नर यांनी भारतीय आर्य भाषांच्या आपल्या तौलनिक कोशात या सर्वांच्या मुळाशी ‘खोट्ट’ असे एक रूप कल्पिले आहे, अर्थ : दोष असलेले, डागाळलेले.

या भावंडांचे अर्थ शेजारी शेजारी मांडा. हिंदीत ‘खोटा’ म्हटले की आधी आठवते ते खोटे नाणे; खोटे बोलण्याला हिंदी माणूस ‘झूठ’ म्हणतो. गुजरातीत ‘खोटुं’ म्हणजे चुकीचेसुद्धा. उत्तर चुकले तरी खोटुं, फोनचा नंबर चुकला तरी खोटो. जर्मन ‘फाल्श’ जिथे पोहोचला तिथेच, त्याची काही ओळखदेख नसताना, आपला गुजराती शेजारीही पोहोचला. गुजरातीत ‘खोट’ म्हणजे व्यापारातली तूट. मराठीतही ‘खोट बसली’ असे आपण म्हणतो. नेपाळीत ‘खोट’ म्हणजे दोष, आणि मराठीत ‘मनात खोट आहे’ म्हणजे तेच. जवळजवळ सगळीकडे धातूचा, हिणकसपणाचा अर्थ आहे. भावंडांच्या तोंडावळ्यात जे समान असते ते आईबापांकडून आलेले असते, या न्यायाने हा अर्थ जुना म्हटला पाहिजे. आणि ‘खोटे बोलणे’ हा मराठी अर्थ त्याच्यावर उभा राहिलेला.

त्याचा जोडीदार ‘खरे’ हाही त्याच दुकानातला. मुळात ‘खर’ म्हणजे कठीण, तीक्ष्ण. हिंदीत ‘खरा सोना’ म्हणजे शुद्ध सोने. मराठीने हा शब्द उचलला आणि तो थेट सत्याच्या जागी बसवला. विचार करा : सत्य आणि असत्य या दोन भारदस्त संस्कृत शब्दांच्या ऐवजी आपण दिवसभर जे दोन शब्द वापरतो, ते दोन्ही पारख्याच्या हातातून गेलेले आहेत.

सराफाच्या पेढीवरून आपल्या भाषेत आलेले हे दोनच शब्द नव्हेत. कस लावायचा दगड ती कसोटी; मूळ कषपट्टिका. ‘माणसाची कसोटी लागली’ हे म्हणताना आपण त्याला त्या काळ्या दगडावर घासत असतो. बावनकशी सोने, खणखणीत नाणे, चलनी नाणे, हे सारे तिथलेच. आणि ‘नावाला बट्टा लागला’ ही गोष्ट तर ग्वाल्हेरच्या इतिहासाशी जोडलेली आहे. मराठी राज्यात रुपये एक प्रकारचे नव्हते. अंकुशी, चांदवडी आणि असे अनेक शिक्के चालत. शिंद्यांच्या मुलखातही एक टाकसाळ नव्हती. उज्जैनला होती, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात होती, इतरत्रही होत्या. एका टाकसाळीचा रुपया दुसरीकडे चालवायचा तर सराफ काही कापून घेत असे. ती कपात म्हणजे बट्टा. रुपया खोटा नसायचा, पण परगावी त्याची किंमत थोडी उतरायची. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी घातली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले, तेव्हा तिथला सराफा या कामावर उभा राहिला. गावोगावचा पोतदार हेच काम करी : नाणे वाजवायचे, तोलायचे, घासायचे, मग सांगायचे. ज्यांच्या आडनावात पोतदार किंवा पारखी आहे त्यांच्या घरी हा इतिहास आजही दारावरच्या पाटीवर आहे.

त्या नाण्यांत एक गंमत होती, आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. शिंद्यांच्या कित्येक रुपयांवर नाव शिंद्यांचे नसून दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे असे. बादशहाने ते पाडलेले नसत. त्याची सत्ता तर महादजींच्या पाठबळावर तगलेली. शिक्क्यावरचे नाव पाहिले तर ते खरे म्हणता येत नाही. तरीही ते नाणे कोणी खोटे मानले नाही, कारण सराफाचा प्रश्न ‘नाव कोणाचे?’ हा नव्हता. त्याचा प्रश्न होता : जितकी चांदी आहे असे हे नाणे सांगते, तितकी आहे का?

नियमाकडे परत येऊ. फारसी सत्तेचा काळ पाहा. फारसीत खोटे बोलण्याला साधा शब्द आहे ‘दरोग’. तीनचारशे वर्षे आपले दफ्तर फारसीच्या छायेत होते, तरी हा शब्द मराठी घरात शिरला नाही. उत्तरेतही तो राहिला तो ‘दरोगहलफी’ या कचेरीच्या शब्दात, म्हणजे शपथेवर खोटे सांगणे. उलट ‘दगा’ आणि ‘फितुरी’ हे शब्द मराठीत मुरले. ते लष्कराचे आणि दरबाराचे शब्द. ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे शब्द आले. मूळ कागद तो अस्सल, त्याची प्रत ती नक्कल. नकलेत खोटेपणा काहीच नव्हता. आजही कचेरीतून आपण सातबाराची नक्कल मागतो. पण तिच्यापासून ‘नकली’ झाला आणि त्याला फसवणुकीचा रंग चढला. अरबीत ‘जाल’ म्हणजे केलेले, बनवलेले. त्यापासून ‘जाली’ कागद, ‘जाली’ नोट. दप्तर आले, म्हणून दप्तरातल्या खोटेपणाचे शब्द आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, तेव्हा त्यात फारसी शब्दांना पर्याय दिले गेले ते कारभाराच्या शब्दांना. घरगुती शब्दांसाठी असा कोश करण्याची वेळ आली नव्हती. आक्रमण तिथवर पोहोचलेलेच नव्हते.

पोर्तुगीजांचे उदाहरण उलट्या बाजूने तेच सांगते. गोव्यात ते १५१० पासून १९६१ पर्यंत होते. पगार, चावी, काजू, पाव, बटाटा हे शब्द गोव्याबाहेरच्या मराठीनेही घेतले. पण ‘फाल्सो’ आणि ‘मेंतीरा’ यांपैकी एकही प्रमाण मराठीत रुजला नाही. पोर्तुगीजांचा माल घाट चढून वर आला. त्यांचे न्यायालय चढून आले नाही.

आणि मग इंग्रजी. इथे आपला जुना ओळखीचा ‘फाल्लेरे’ अखेर ग्वाल्हेरला पोहोचतो, आणि एकदा नव्हे, चारपाच वेशांत पोहोचतो. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेली त्याची लेकरे पाहा : ‘फेल’ त्याच्यापासून, ‘फॉल्ट’ त्याच्यापासून, ‘डिफॉल्ट’ त्याच्यापासून, आणि ‘फॉल्स’ तर त्याचाच. आज मराठी घरात मुलगा परीक्षेत फेल होतो, विजेच्या लाईनमध्ये फॉल्ट निघतो, कर्ज थकवणारा डिफॉल्टर ठरतो, दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग लागते आणि गवई वरच्या सुरांसाठी फॉल्स लावतो. फसवणे या अर्थाच्या एका लॅटिन धातूची ही संतती आपण रोज तोंडी खेळवतो आणि ती एकमेकांची भावंडे आहेत याची आपल्याला दादही नसते. आता प्रत्येकाचे प्रवेशद्वार तपासा. फेल शाळेच्या दाराने आला, फॉल्ट वीज खात्याच्या, डिफॉल्टर बँकेच्या, सीलिंग ठेकेदाराच्या. इंग्रजीचा घरगुती शब्द ‘लाय’ मात्र आला नाही. दोनशे वर्षे इंग्रजी शिकूनही मराठी आई मुलाला ‘लाय करू नकोस’ म्हणत नाही. रोमचा ‘मेंतीरी’, इराणचा ‘दरोग’, इंग्लंडचा ‘लाय’ : तिन्ही आपापल्या घरी राहिले. नियम तीनदा घासून झाला; कस उतरला.

या नियमाचे सर्वांत नमुनेदार उदाहरण मात्र परभाषेतले नाही, आकड्यातले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत फसवणुकीचे एक कलम होते, ४२० क्रमांकाचे. तो आकडा उत्तर-दक्षिण सगळ्या भाषांत शिवी होऊन बसला. १९५५ मध्ये ‘श्री ४२०’ चित्रपट आला तेव्हा कोणाला शीर्षकाचा अर्थ सांगावा लागला नाही. मराठीत चारसोबीस हे विशेषण झाले, चारसोबिशी हे भाववाचक नाम झाले. १ जुलै २०२४ पासून ती दंडसंहिता गेली आणि नव्या न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ झाले. पण लबाड माणसाला ‘तीनशे अठरा’ कोणी म्हणेल असे दिसत नाही. सुल्लाचा कायदा गेला आणि ‘फाल्सुस’ राहिला, तसेच हे. यंत्रणा शब्द आणून ठेवते आणि निघून जाते. शब्द राहून जातो.

इथवर वाचून तुम्ही विचाराल, की या सगळ्याचे आम्ही करायचे काय? म्हणून आता मूळ चिंतेकडे येतो.

ग्वाल्हेरच्या मराठीवर एक आरोप जुना आहे. पुण्यामुंबईकडचे नातेवाईक आले की आपल्या वाक्यांत हिंदी शब्द मोजतात आणि हसून म्हणतात, ‘तुमची मराठी भेसळीची.’ १९६१ मध्ये अखिल भारतीय संमेलन या शहरात भरले, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्याला साठाहून अधिक वर्षे झाली. तरी आपल्या भाषेला बट्टा लावण्याची रीत गेलेली नाही. आपल्यापैकी काहींनी हा आरोप इतका मनाला लावून घेतला आहे, की पाहुण्यांपुढे मुलांना बोलूच देत नाहीत. शरमेने गप्प बसलेली भाषा भेसळीच्या भाषेपेक्षा लवकर मरते, हे मात्र कोणी पाहत नाही.

या आरोपाचा निवाडा सराफाकडे नेऊ. १८३५ पासून इंग्रजी राज्यात जो रुपया चालला, त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग दुसरा धातू. हा रुपया खरा होता. दागिन्यांचे २२ कॅरट सोने घ्या. चोवीस भागांत बावीस भाग, म्हणजे पुन्हा बारांत अकराच. त्याच्यावर ९१६ चा शिक्का असतो आणि कोणी त्याला खोटे म्हणत नाही. निर्भेळ सोने मऊ असते; रोज घालायच्या बांगडीला ते पुरे पडत नाही. मिसळ म्हणजे खोट नव्हे. बावीसचे सोने चोवीसचे म्हणून विकणे ही खोट. लॅटिन शब्दाने फसवणाऱ्याकडे बोट दाखवले, आपल्या शब्दाने वस्तूतल्या दोषाकडे; इथे लॅटिन शब्द आपल्याला अधिक उपयोगी पडतो. ग्वाल्हेरची मराठी आपण हिंदीच्या अंगणात वाढलो हे लपवत नाही. ती ज्या दराची आहे त्याच दराचा शिक्का तिच्यावर आहे. तिला खोटी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण हाच सराफ दुसरे वाक्यही बोलेल, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. भर किती, हे विचारून तो थांबत नाही. मूळ धातू कोणता, हेही विचारतो. तांब्यात चांदी मिसळली तर तिला चांदीचे नाणे म्हणत नाहीत. आपल्या भाषेत मूळ धातू कोणता उरला आहे हे ओळखायचे कसे? वरचा नियम इथे कामाला येतो. बाजाराचे, शाळेचे, कचेरीचे शब्द बाहेरून येणारच. ती भर आहे. बिजलीचे बिल, गॅसची टंकी, इम्तिहानाचा पर्चा हे शब्द मराठी वाक्यात आले म्हणून काही बिघडत नाही. पण परक्या यंत्रणेला जो शब्द कधी हलवता आला नाही, जो रोमलाही हलवता आला नाही, तो दटावणीचा घरगुती शब्द जर बदलला, तर ती भर राहिलेली नाही.

महाराष्ट्रात ‘साफ झूट!’ हा उद्गार चालतो. तो उद्गारापुरता आहे. ‘झूठ’ हा परकाही नव्हे. प्राकृतात ‘झुट्ठ’ आहे, तेव्हा तो आपला चुलत भाऊच. तरीही ज्या घरात आजी ‘खोटं बोलू नकोस’ म्हणते, आई ‘झूठ बोलू नकोस’ म्हणते, आणि नात आपल्या बाहुलीला ‘झूठ मत बोल’ म्हणून दटावते, त्या घरात तीन पिढ्यांत काय झाले हे त्या तीन वाक्यांत पुरते वाचता येते. पहिल्या पायरीवर एक शब्द गेला आहे. तिसऱ्या पायरीवर भाषा गेली आहे. इंग्रजीतही असे एकदा घडले आहे. खोटे या अर्थाचा तिचा घरचा जुना शब्द ‘लेआस’ हा ‘फाल्स’पुढे मागे पडत गेला आणि आज केवळ ‘लेस’ या प्रत्ययाच्या रूपाने, म्हणजे ‘वाचून’ या अर्थाने, शब्दांच्या शेपटीला उरला आहे. पण ‘लाय’ टिकला, म्हणून इंग्रजी फ्रेंच झाली नाही.

मराठीकडे या बाबतीत कमी धन नाही. लबाडी, थाप, बतावणी, खोटारडा, मनात नसताना केलेला लटका राग. यातला ‘लटिके’ तर संतांच्या काळी असत्याचा मुख्य शब्द होता. आज तो प्रेमाच्या रुसव्यापुरता उरला आहे, इतका तो मवाळ झाला. आणि लोणकढी थाप! ताज्या लोण्याचे कढवलेले तूप जसे रवाळ, तशी नुकतीच रचलेली, ऐकायला गोड थाप. हा शब्द कोणत्याही टाकसाळीत पाडलेला नाही. तो स्वयंपाकघरात कढला. यंत्रणांनी दिलेले शब्द आपण पुढेही घेत राहू, आणि घ्यावेत. हे स्वयंपाकघरातले शब्द मात्र कोणतीही कचेरी आपल्याला परत आणून देणार नाही.

तेव्हा एक लहानसे काम प्रत्येक घराला करता येईल. आपल्या घरात खोटेपणासाठी कोणते शब्द कोणाच्या तोंडी आहेत, आजीच्या, आईच्या, मुलांच्या, त्याची एका वहीत नोंद करा. शब्दापुढे तो कोणाला उद्देशून वापरला जातो तेही लिहा : मुलाला, दुकानदाराला, पुढाऱ्याला. ज्या शब्दांनी आपण बँकेविषयी बोलतो ते हिंदी-इंग्रजी निघाले तर बिनघोर राहा. मुलाला ज्या शब्दाने दटावतो तो कोणता निघतो, एवढे मात्र नीट पाहा. नाणे आपणच वाजवायचे आणि आवाजही आपणच ऐकायचा.